लातूरला अंटार्क्टिकाशी काय देणेघेणे?

एखाद्या विद्यापीठाचे संशोधक अंटार्क्टिकाला किंवा आर्क्टिकला निघाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली अभिमानाची. फोटो फॉरवर्ड होतो, खाली तिरंगा आणि टाळ्यांचे हात पडतात. दुसरी चिडीची: इथे प्यायला पाणी नाही आणि हे चालले पेंग्विन मोजायला! मराठवाड्यात ही दुसरी जरा जास्त ऐकू येते, आणि ती येणारच. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आलेले पाणी ज्याने प्यायले, त्या लातूरच्या माणसाला अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती अशी दोन केंद्रे असल्याचे सांगितले आणि तो ‘मग?’ म्हणाला, तर त्याला अडाणी ठरवण्याचे कारण नाही. प्रश्न रास्त आहे.

माझे म्हणणे एवढेच की या ‘मग?’चे उत्तर दिल्लीने द्यावे अशी वाट बघत बसण्यापेक्षा ते आपल्या विद्यापीठांनी द्यायला हवे होते. एखाद-दुसरा प्राध्यापक स्वतःच्या हिमतीवर तिकडे जाऊन आला असेल. पण विद्यापीठ म्हणून, विभाग म्हणून, दहा-पंधरा वर्षे धरून ठेवलेला विषय म्हणून ध्रुवीय संशोधन मराठवाड्यात रुजलेले दिसत नाही. रुजले असते तर चहाच्या टपरीवरचा प्रश्नही वेगळा झाला असता.

आधी पैशाचे बोलू, कारण वाद तिथेच अडतो. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या ‘पृथ्वी’ या योजनेला जानेवारी २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. २०२१ ते २०२६ या काळासाठी तिची तरतूद ४,७९७ कोटी रुपयांची. त्यात ध्रुवीय मोहिमांबरोबर हवामानाचे अंदाज, महासागर, भूकंप, मनुष्यबळाचे प्रशिक्षण असे सगळे येते. आता आपल्या परिचयाचा आकडा घ्या. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, खर्च सुमारे ५५ हजार कोटी. या दराने अख्ख्या देशाच्या भूविज्ञानाची पाच वर्षे म्हणजे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला पोहोचण्यापुरता रस्ता, आणि ध्रुवांच्या वाट्याला त्यातलाही एक तुकडा. त्या तुकड्यात लातूरची तहान भागली असती असे ज्यांना वाटते त्यांनी २०१६ आठवावे. मांजरा धरण कोरडे पडले त्यामागे पावसाची तूट होतीच, पण त्या खोऱ्यात वर्षानुवर्षे उभा राहिलेला ऊस आणि शहरातली पाण्याची गळती यांचाही हात होता. अंटार्क्टिकाने लातूरचे पाणी पळवलेले नाही.

तरीही, पैसा कमी लागतो म्हणून काहीही करावे असे होत नाही. त्यातून आपल्याला काय मिळते हे विचारायचेच.

सप्टेंबर २०२५ घ्या. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, जालना, परभणी कुठलाही जिल्हा घ्या. सोयाबीन काढणीला आलेले, काहींचे काढून गंजी लावून झालेले, आणि वरून पाऊस थांबेना. सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. पाणी ओसरल्यावर शेतात उतरलेल्या माणसाने शेंग फोडली की आत दाण्याला कोंब आलेला दिसे, बोटाला काळपट चिकटा लागे. नदीकाठच्या जमिनी तर खरडून गेल्या; वरचा काळा थर वाहून खालचा मुरूम उघडा पडला. त्या दिवसांत गावागावांत एकच आकडा तोंडात होता, ६५. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. शेजारच्या मंडळात ७०, आपल्या मंडळात ६१, आणि नुकसान मात्र सारखेच, यावरून तहसीलसमोर मदतीसाठी झालेली भांडणे ज्यांनी पाहिली त्यांना पर्जन्यमापक हे किती राजकीय यंत्र आहे ते ठाऊक आहे.

जून-जुलैत ओढ देणारा आणि सप्टेंबरात झोडपणारा पाऊस, असा अनुभव अलीकडे आपल्याकडे वारंवार येतो. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाच्या अवशेषाने मराठवाड्याला असेच धुतले होते. त्याच वर्षी गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. सैबेरियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथला उन्हाळी बर्फ घटला की उघडे पडलेले पाणी तापते, वरच्या थरांतल्या हवेचे चलनवलन बदलते, आणि त्या बदलाची लाट युरोप-आशियावरून दक्षिणेकडे सरकत येते. त्यात अरबी समुद्र उबदार असेल तर बाष्पाची ददात नसते. मग पावसाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात मध्य भारतावर टोकाच्या पावसाला अनुकूल स्थिती तयार होऊ शकते. लेखकांनी हा संबंध ‘संभाव्य’ म्हणून मांडला आहे आणि आपणही तो तितक्याच जपून वापरावा. २०२५ च्या पुराचे खापर उठून कारा समुद्रावर फोडू नये. पण विचार करा, हा संबंध पक्का ठरला तर उन्हाळ्यात आर्क्टिकच्या बर्फाकडे बघून सप्टेंबरबद्दल काही आठवडे आधी दोन शब्द बोलता येतील. काढणी चार दिवस आधी करायची का, गंजी शेतात लावायची की उंचवट्यावर, मळणीयंत्र कधी सांगून ठेवायचे, हे निर्णय त्या दोन शब्दांवर फिरतात. कारा समुद्राच्या बर्फाचे गिऱ्हाईक कोकणापेक्षा मराठवाड्यात जास्त आहे, असे मी म्हणतो ते यासाठी.

दक्षिणेकडची गोष्ट याहून जुनी. आपला मोसमी वारा सुरू होतो तो विषुववृत्ताच्या पलीकडे. मॉरिशस-मादागास्करच्या बाजूला, दक्षिण हिंदी महासागरावर उच्च दाबाचे क्षेत्र असते. मास्करीन म्हणतात त्याला. तिथून निघालेली हवा विषुववृत्त ओलांडते, सोमालियाच्या किनाऱ्याने वळते आणि अरबी समुद्रावरून आपल्याकडे येते. या उच्च दाबाच्या दक्षिणेला दक्षिण महासागर आणि त्याच्याही खाली अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ. फेब्रुवारी २०२३ मध्ये हा बर्फ उपग्रह-नोंदी सुरू झाल्यापासूनच्या नीचांकावर आला. त्याचा पुढे मोसमी पावसावर नेमका किती परिणाम होतो, हे अजून अभ्यासाचे काम आहे. कारण त्या महासागरावरची प्रत्यक्ष निरीक्षणे फार विरळ आहेत. जहाजे कमी, हिवाळा भयंकर. भारताकडे तर स्वतःचे ध्रुवीय संशोधन जहाज अजून नाही. पहिल्या मोहिमेपासून आपण भाड्याच्या जहाजावर जातो, आणि कोलकात्यात असे जहाज बांधण्यासाठी नॉर्वेच्या कंपनीशी सामंजस्य करार व्हायला जून २०२५ उजाडला.

मोहिमांमागे राजकारण असते, हा आणखी एक आक्षेप. असतेच की. डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताचे पहिले, २१ जणांचे पथक ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाले तेव्हा त्याचा गाजावाजा मुद्दाम टाळला होता. ९ जानेवारी १९८२ ला ते अंटार्क्टिकावर उतरले आणि मगच जगाला नीट कळले. १९५९ च्या अंटार्क्टिक कराराचा नियम असा की तिथे भरीव संशोधन करणाऱ्यालाच निर्णयात मत मिळते. सप्टेंबर १९८३ मध्ये भारताला ते मिळाले. म्हणजे तिथल्या खनिजांना हात लावायचा की नाही, मासेमारी किती करायची, यावर बोलण्याचा हक्क आपण विज्ञान करून कमावला. सैन्य पाठवून किंवा झेंडा रोवून तो मिळत नाही, आणि मला यात लाजण्यासारखे काही दिसत नाही. जगातले हे एक ठिकाण तरी असे आहे जिथे खुर्ची प्रयोगशाळेतून मिळते.

१९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत आणि सुदीप्ता सेनगुप्ता गेल्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. अदिती पंत नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घराण्यातल्या. दक्षिण गंगोत्री हे भारताचे तिथले पहिले केंद्र याच मोहिमेत उभे राहिले. नेमक्या त्याच महिन्यांत इकडे महाराष्ट्रात दांडेकर समिती प्रादेशिक अनुशेष मोजत होती. रस्ते मोजले, सिंचन मोजले, विजेचे पंप मोजले, शाळा-महाविद्यालयेही मोजली. संशोधनाचा अनुशेष मात्र कुणी मोजला नाही, पुढेही नाही. आज महाराष्ट्रातून ध्रुवाकडे जाणारी वाट कुठून निघते बघा: भूचुंबकत्वाची संस्था पनवेलला, उष्णदेशीय हवामानाची पुण्याला, हवामान विभागाचे मोठे कार्यालय पुण्याला. बालाघाटच्या डोंगरांच्या अलीकडे, मराठवाड्यात, ही वाट येतच नाही.

आणि गंमत म्हणजे विषय आपल्या पायाखाली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली, जवळपास दहा हजार माणसे गेली. नंतर तिथे विंधनविवर घेतले तेव्हा सुमारे ३३८ मीटर काळ्या बेसॉल्टखाली अतिप्राचीन खडक लागला. तोच जुना पाया नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट होऊन उघडा दिसतो. भारत आणि पूर्व अंटार्क्टिका हे दोन्ही गोंडवन या एकाच महाखंडाचे भाग होते, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वी अलग झाले. पूर्व घाटाच्या खडकांचे सोयरे आज बर्फाखाली सापडतात. मैत्री केंद्रावर भूकंपमापनाचे कायमचे स्थानक चालवते ते हैदराबादची भूभौतिकी संस्था, म्हणजे आपल्या जुन्या राजधानीतली. किल्लारीचा अभ्यासही तिनेच केला. भूगर्भशास्त्राच्या मराठवाड्यातल्या विद्यार्थ्याला या साखळीत आपण कुठेतरी बसतो हे कुणी सांगतच नाही.

आता आपल्या घरात येऊ, कारण खरे दुखणे इथे आहे.

अंटार्क्टिकाची मोहीम तिथल्या उन्हाळ्यात असते, साधारण नोव्हेंबर ते मार्च. गोव्याचे केंद्र संशोधनाचे प्रस्ताव मागवते. निवड झाली की वैद्यकीय तपासणी, मग उत्तराखंडात औली इथे इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडे बर्फात राहण्याचे प्रशिक्षण, मग केपटाऊनमार्गे प्रवास. हिवाळाभर थांबणाऱ्याचे तर वर्षाहून अधिक जाते. हे वेळापत्रक विद्यापीठाच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरात सत्र परीक्षा, त्यात पर्यवेक्षण, उत्तरपत्रिका तपासणी. जानेवारीत नॅक मूल्यांकनाची धावपळ, युवक महोत्सवाची बिले, स्नेहसंमेलन. विभागात मंजूर जागा पाच, भरलेल्या दोन. त्यातला एक चार महिने गेला तर एम.एस्सी.चे वर्ग कोण घेणार? विभागप्रमुख सहीच करत नाही, आणि त्याच्या जागी मी असतो तर कदाचित मीही केली नसती. उरलेले वर्ग ज्यांच्या जिवावर चालतात त्या तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे काय? त्यांना तासाचे पैसे मिळतात. तास नाही तर दाम नाही. नेट-सेट झालेला, पीएच.डी. केलेला, पस्तिशीचा, काटक, थंडीत टिकेल असा माणूस नेमका हाच असतो, आणि मोहिमेवर जाणे म्हणजे त्याच्यासाठी चार महिन्यांचा पगार सोडणे. पुन्हा परत आल्यावर तास मिळतील याची हमी नाही ती नाहीच.

दुसरी गोष्ट अगदी क्षुल्लक वाटेल. एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी डीप फ्रीझर पाहिला. उणे वीस अंशांचा, अनुदानातून आलेला, झाकणावर योजनेचे नाव रंगवलेले. आत नमुन्यांच्या चार-सहा कुप्या होत्या, त्यांची लेबले ओल धरून पुसट झालेली, आणि बाकी जागेत कार्यक्रमाच्या उरलेल्या पाण्याच्या बाटल्या. तापमान का टिकत नाही विचारले तर कळले की संध्याकाळी शिपाई मेन स्विच बंद करून जातो. आग लागू नये म्हणून तसा नियमच आहे. शनिवार-रविवार जोडून सुटी आली की फ्रीझरचे कपाट होते. अंटार्क्टिकाच्या तळ्यातला गाळ किंवा त्यातले थंडीत जगणारे जीवाणू हजारो किलोमीटर गोठवून गोव्यापर्यंत आणायचे, तिथून थर्माकोलच्या पेटीत मराठवाड्यात आणायचे आणि शुक्रवारी संध्याकाळी त्यांना उन्हाळा दाखवायचा! संशोधनाचा अनुशेष म्हणतो तो हा. स्वतंत्र वीजजोडणी, इन्व्हर्टर आणि रात्री एकदा येऊन काटा बघणारा माणूस, इतकाच तो कधी कधी असतो.

तिसरे, परत आल्यावर काय होते ते. हार, शाल, नारळ, चौकात फ्लेक्स, तालुक्याच्या प्रत्येक कॉलेजात ‘माझा अंटार्क्टिका अनुभव’. मुलांना ते ऐकवले पाहिजे, मला त्याचे वावडे नाही. पण जत्रेहून आणलेल्या रेवड्यांसारखा अनुभव वाटून संपला आणि विभागात मागे काहीच उरले नाही, तर करदात्याने तोंड वाकडे करावे हे योग्यच. माणूस गेला त्याच्या पाचव्या वर्षी त्या विभागात काय चालू आहे, यावर मोहिमेची किंमत ठरवावी. कुठले यंत्र चालू आहे, कुठली नोंद रोज होते आहे, त्याच्या हाताखाली कोण तयार झाले?

रोज होणारी नोंद हा शब्दप्रयोग रुक्ष आहे, पण ध्रुवीय विज्ञानातली सगळ्यात मोठी बातमी तिच्यातूनच निघाली. ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावरच्या आपल्या हॅली केंद्रावर १९५० च्या दशकात ओझोन मोजायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीचे, हाताळायला किचकट यंत्र. वर्षानुवर्षे तेच वाचन. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या तिघांनी त्या वह्यांच्या आधारे दाखवले की अंटार्क्टिकावरचा ओझोन दर वसंतात धडाधड घसरतो आहे. दोन वर्षांत, १९८७ ला, ओझोन खाणाऱ्या रसायनांना आवर घालणारा माँट्रियलचा करार झाला. उपग्रहाच्या आकड्यांतही ती घट होती, फक्त इतके कमी आकडे संशयास्पद म्हणून बाजूला पडत होते. वीस-तीस वर्षे कंटाळवाणे काम न सोडणारी संस्था लागते, ती अशा वेळी. परभणीच्या कृषी विद्यापीठाला हे सांगायला नको. तिथून मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा हवामानाधारित कृषी सल्ला अशाच नोंदींवर उभा आहे. दुर्दैवाने परभणीचा कृषी हवामानाचा अभ्यासक, संभाजीनगर-नांदेडचा भौतिकशास्त्र किंवा पर्यावरणाचा संशोधक आणि गोव्याचा ध्रुवशास्त्रज्ञ हे तिघे एका प्रस्तावावर सह्या करतात असे सहसा घडत नाही. मराठवाड्याचा प्रस्ताव असला तर तो असा असावा: बर्फाची नोंद एका टोकाला, महसूल मंडळाचा पाऊस दुसऱ्या टोकाला. हिमनद्यांवर किंवा पेंग्विनांवर काम करणारे जगात पुष्कळ आहेत. देवणी आणि भूम मंडळांच्या आकड्यांपर्यंत येऊन पोहोचणारा दुसरा कोणी येणार नाही, त्याला गरजच नाही.

यासाठी सगळ्यांनी जहाजावर चढायची गरजही नाही. समुद्री बर्फाच्या उपग्रह-नोंदी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासूनच्या आहेत आणि फुकट मिळतात. उदगीरच्या मुलीला एक बरा लॅपटॉप, थोडे प्रोग्रॅमिंग आणि पाठीशी शिक्षक असला तर कारा समुद्राचा बर्फ आणि लातूर जिल्ह्याचा सप्टेंबरचा पाऊस ती स्वतः पडताळू शकते. पडताळणी उलटी आली तरी ते संशोधनच. जाणे लागते ते नमुने आणायला, यंत्र बसवायला आणि नोंदीमागची माणसे-हवा-अडचण कळायला. एकाने जावे, दहांनी घरी बसून काम करावे, हे प्रमाण ठीक आहे. आज आपल्याकडे तो एक क्वचितच आणि ते दहा तर नाहीतच.

कृत्रिम पावसासाठी ढगात मीठ शिंपडणारे विमान मात्र आपल्याकडे २०१५ मध्ये आले आणि २०१९ मध्ये पुन्हा आले. त्या वेळी टपरीवर फारसे कोणी विचारले नाही की हा खर्च कशाला. दुष्काळात सरकारने काहीतरी करताना दिसावे लागते, आणि विमान दिसते. नोंदवही दिसत नाही.

तेव्हा मागणी छोटी आणि कंटाळवाणी ठेवतो. संभाजीनगर, नांदेड आणि परभणीच्या विद्यापीठांनी आपापल्या परिषदांत दोन ठराव करावेत. मोहिमेवर निवड झालेल्याला पूर्ण पगारी कर्तव्यरजा, आणि त्या काळात त्याचे वर्ग घेणाऱ्याचे मानधन विद्यापीठाच्या निधीतून; निवड झालेला तासिका तत्त्वावरचा असेल तर त्याला मोहिमेच्या महिन्यांचे एकरकमी मानधन आणि परतल्यावर तेच तास. दुसरा ठराव प्रयोगशाळेच्या फ्रीझरला मेन स्विचपासून वेगळी जोडणी देण्याचा. याला मंत्रालयाची परवानगी लागत नाही, नवी समिती लागत नाही, उद्घाटनही लागत नाही. लागेल तो एक वायरमन.